पान्याचा दिवा आणि पहिलं ऑइल

पाडव्याला गाडी काढलेल्यांची पत्रं दरवर्षी वैशाखात येऊ लागतात. यंदाही तसंच झालंय. बहुतेकांना पहिल्या सर्व्हिसिंगबद्दल आणि मीटरवरच्या दिव्यांबद्दल विचारायचं आहे, म्हणून या महिन्याचं सदर त्यांनाच देतो.

प्रश्न : पाडव्याला सोलापूरहून रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 घेतली. आज 39 दिवस झाले आणि मीटरवर फक्त 214 किलोमीटर आहेत. माझं दुकान घरापासून दीड किलोमीटरवर, त्यामुळे रनिंगच होत नाही. सर्व्हिस सेंटरमधून फोन आला की 45 दिवस होत आलेत, गाडी घेऊन या. पण मीटरवर सर्व्हिसिंगची आठवण देणारं पान्याचं चिन्ह अजून आलेलं नाही. मित्र म्हणतात, 500 व्हायच्या आत ऑइल बदललंस तर पैसे पाण्यात. जाऊन-येऊन 140 किलोमीटर पडतात. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, गाडी घेऊन जा. याच आठवड्यात जा.

तुमच्या गाडीच्या पुस्तकात पहिल्या सर्व्हिसिंगसमोर 500 किलोमीटर किंवा 45 दिवस, यातलं जे आधी भरेल ते, असं दिलेलं आहे. तुमचे दिवस आधी भरतायत. दिवस मोजायचे ते बिलावरच्या विक्रीच्या तारखेपासून. मीटरवर पाना आला नाही म्हणून थांबू नका. दिवा लागेपर्यंत वाट पाहिली आणि मुदत टळून गेली, तर उद्या वॉरंटीच्या कामात तुम्हालाच त्रास होईल.

मित्रांनी पैशाचा हिशेब सांगितला, पण ऑइलचा वेगळा आहे. तुम्ही दीड किलोमीटर जाता आणि गाडी बंद करता. तेवढ्यात इंजिनचा बाहेरचा भाग हाताला गरम लागतो, आतलं ऑइल मात्र पुरतं तापत नाही. इंजिन थंड असताना थोडं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली उतरतं, वाफेचं आत पाणी होतं, आणि ऑइल तापत नसल्यामुळे ते दोन्ही उडून जात नाही, त्यातच राहतं. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण काढलं की आतल्या बाजूला कधी कधी सायीसारखा पिवळट थर दिसतो. रोज चाळीस किलोमीटर पळणाऱ्या गाडीपेक्षा तुमच्या गाडीच्या ऑइलचे हाल जास्त होतात. पुस्तकात दिवस लिहिलेले असतात ते यासाठी.

दुसरी गोष्ट नव्या इंजिनची. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कंपनीतच एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. त्यांत ऑइल टिकतं. त्या रेघांची टोकं सुरुवातीला खरखरीत असतात. पिस्टनच्या रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ती घासून स्वतःला भिंतीशी जुळवून घेतात. गिअरचे दातेही एकमेकांवर बसतात, क्लच प्लेटींची भुकटी निघते. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात, त्यामुळे हे सगळं झिजलेलं त्यातच येऊन पडतं. फिल्टर बरंचसं अडवतो, अगदी बारीक कण सुटतात. पहिल्या सर्व्हिसिंगचं मुख्य काम म्हणजे ही झीज बाहेर काढणं. बाकीची कामं त्याच्या मागून येतात.

मी सव्वीस वर्षं हे काम करतोय, तरी नव्या गाडीचं पहिलं ऑइल काढलं की ट्रे उन्हात नेऊन बघतोच. सावलीत ते नुसतं काळपट दिसतं. उन्हात ट्रे थोडा हलवला की आत चंदेरी झाक फिरते, धुतलेल्या मासळीच्या अंगावर असते तशी. ड्रेन बोल्टला, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला, लोहचुंबक असेल तर त्याच्या टोकाला काजळासारखा मऊ लगदा बसलेला असतो. तो दोन बोटांत चोळून पाहावा. गुळगुळीत लागला तर सगळं ठीक. टोचणारा तुकडा किंवा नखाएवढी कपची सापडली तर काम तिथेच थांबवून सुपरवायझरला दाखवायची. इतक्या वर्षांत मला अशी कपची दोनदाच सापडली. दोन्ही वेळा मालक शेजारी उभा होता आणि दोन्ही इंजिनं वॉरंटीत उघडली गेली.

आता तुमचा रस्ता. वैरागमार्गे पहाटे निघा. एकाच वेगाने, एकाच गिअरमध्ये सत्तर किलोमीटर ओढू नका. पन्नास ते पासष्टच्या दरम्यान वेग वर-खाली होऊ द्या. टॉप गिअरमध्ये गाडी हुंदके देत असेल तर आधी गिअर उतरवा, मग अ‍ॅक्सिलरेटर द्या. वैरागला दहा मिनिटं थांबून चहा घ्या. हा प्रवास नव्या इंजिनला चांगलाच आहे. शिवाय गाडी गरम पोहोचली की ऑइल पातळ असतं, त्यात कण तरंगत असतात, ते झटकन आणि पूर्ण उतरतं. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या ऑइल काढायला सांगा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, तपासायचे असतील तर मात्र इंजिन पूर्ण थंड व्हावं लागतं. गरम इंजिनवर गॅप लावला तर तो चुकतो. "तासाभरात देतो" असं कुणी म्हणालं तर तुम्ही स्वतः म्हणा, "दुपारपर्यंत राहू दे, थंड करून टॅपेट बघा." एवढे सत्तर किलोमीटर गेलाच आहात, अर्धा दिवस द्या.

आणि "फ्री सर्व्हिसिंगला बिल कसलं?" म्हणून तिथे वाद घालू नका. फ्री असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर यांचे पैसे लागतात. वॉशर नवाच घ्या. जुनाच दाबून बसवला की महिनाभरात गाडीखाली थेंब दिसतो.

प्रश्न : मुलगा सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. त्याला नवी 160 सीसी गाडी घेऊन दिली. पहिलं सर्व्हिसिंग 430 किलोमीटरला झालं. आठवड्याने 500 होताच मीटरवर पाना लागला. सेंटरला फोन केला तर "चालवा, काही होत नाही" म्हणाले. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ बघून बटण दाबून तो घालवला. आता दिवा नाही, पण माझं मन लागत नाही. त्याने काही बिघडवलं तर नसेल ना?
— एक आई, विटा

उत्तर : ताई, मुलाने काही बिघडवलेलं नाही. पण तुमचं मन लागत नाही ते योग्यच आहे, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या.

पान्याचा दिवा इंजिनच्या आत काही बघत नाही. ऑइल काळं झालं की गोरं, कमी झालं की भरलेलं, त्याला काहीच कळत नाही. मीटरमध्ये एक आकडा ठेवलेला असतो, 500 म्हणा. तेवढे किलोमीटर झाले की दिवा लागतो. काही गाड्यांमध्ये दिवसही मोजले जातात. सर्व्हिसिंग झाल्यावर मेकॅनिकने तो आकडा पुढचा लावायचा असतो. काही गाड्यांवर ते मीटरच्या बटणाने होतं, काहींना सेंटरमधलं मशीन जोडावं लागतं. तुमच्या बाबतीत काम 430 ला झालं, आकडा पुढे लावायचा राहिला, आणि 500 ला दिवा आपल्या वेळेवर लागला. बहुतेक एवढंच घडलंय.

"बहुतेक" म्हणालो, कारण दुसरीही शक्यता आहे आणि मी ती स्वतः पाहिली आहे. मी एका सर्व्हिस सेंटरमध्ये सुपरवायझर होतो. दसऱ्याला गाड्या धडाधड जातात आणि महिना-सव्वा महिन्याने त्या सगळ्या एकदम पहिल्या सर्व्हिसिंगला येतात. एकेका रॅम्पमागे बारा-बारा गाड्या रांगेत. त्या गर्दीत एक कॉलेजचा मुलगा गाडी घेऊन गेला. जॉब कार्डवर सगळ्या खुणा, ऑइलचं बिल, मीटरवरचा दिवा गेलेला. तीन आठवड्यांनी तो परत आला. क्लच ओढल्यासारखा वाटतो म्हणाला. मी ऑइल काढलं आणि ट्रे उन्हात नेला. तीच चंदेरी झाक. पहिलंच ऑइल होतं. गाडी धुतली होती, चेन ओढली होती, दिवा घालवला होता, ऑइल मात्र बदललेलंच नव्हतं. मुद्दाम की गर्दीत विसरून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खुणा केलेल्या कार्डावर सही माझी होती. त्या मुलासमोर उभं राहताना मला फार लाज वाटली. नवं ऑइल, नवा फिल्टर घातला, पैसे माझ्या खिशातून भरले. दुसऱ्या दिवसापासून मी नेम केला : जुनं ऑइल मालकाला दाखवल्याशिवाय गाडी रॅम्पवरून खाली येणार नाही. आज कराडच्या माझ्या गॅरेजमध्येही तोच नेम आहे.

तेव्हा मुलाला एवढं करायला सांगा. गाडी सपाट जागी सरळ उभी करून पाच मिनिटं तशीच ठेवायची. मग इंजिनच्या बाजूला ऑइलची काच असेल तर त्यातून बघायचं, नाहीतर झाकणाची पट्टी फडक्याने पुसून बुडवून बाहेर काढायची. ऑइल बदलून शंभरएक किलोमीटरच झाले असतील तर ते मधासारखं आरपार दिसलं पाहिजे. थोडं मळकट चालेल, कारण जुनं ऑइल सगळंच्या सगळं कधी निघत नाही. पट्टीवर शाईसारखं गडद आलं तर गाडी आणि बिल घेऊन सेंटरला जायचं, शांतपणे विचारायचं.

मधासारखंच असेल तर निर्धास्त राहा. फक्त त्याने दिवा घालवला तो नेमक्या किती किलोमीटरला, ते लिहून ठेवायला सांगा. काही मीटर तिथून पुढे नव्याने मोजतात, त्यामुळे पुढचा दिवा उशिरा लागू शकतो. पुस्तकात बघून पुढच्या सर्व्हिसिंगचा आकडा आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून टाकीच्या झाकणाच्या बाजूला चिकटवायची. माझ्याकडच्या प्रत्येक गाडीवर अशी चिठ्ठी असते. लोक मीटरपेक्षा तिच्यावर जास्त विसंबतात.

प्रश्न : दुधाचा रतीब आहे. नवी शंभर सीसी गाडी घेतली, दोन्ही बाजूंना कॅन लावतो. 380 किलोमीटर झालेत. परवापासून मीटरवर पिवळा दिवा जळतोय, इंजिनच्या आकाराचा. सर्व्हिसिंगला अजून वेळ आहे, तोपर्यंत चालवू का?
— एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : नको. हा सर्व्हिसिंगचा दिवा नाही.

सर्व्हिसिंगचा दिवा पान्याच्या चिन्हाचा असतो, नाहीतर मीटरवर तसा शब्द येतो. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा बिघाडाचा असतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नियम सक्तीचे झाले, या गाड्यांत धुराचं प्रमाण सांभाळणारे सेन्सर आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा छोटा कॉम्प्युटर असतो. 2023 पासून ही तपासणी आणखी कडक झाली. एखादा सेन्सर चुकीचं सांगायला लागला की तो कॉम्प्युटर बिघाडाचा नंबर साठवतो आणि हा दिवा लावतो. चावी फिरवल्यावर दिवा लागून गाडी सुरू होताच गेला, तर ते बरोबर आहे. गाडी चालू असताना राहिला, तर सेंटरला मशीन जोडून तो नंबर वाचून घ्यायला हवा. तुमची गाडी झटके देत नसेल तर कॅन न लावता, हळू चालवत घेऊन जा. झटके देत असेल तर टेम्पोत घाला.

एक विचारतो : परवा विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाने गाडी धुतली होती का? दूधवाल्यांच्या गाड्या रोज धुवाव्या लागतात, मला माहीत आहे. जोराचं पाणी वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडलेल्या डब्यांत, शिरतं आणि हा दिवा लागतो. माझ्याकडे असे दिवे घेऊन येणाऱ्यांत निम्मे पाण्याचेच असतात. बादली आणि फडकं वापरा, विशेषतः सीटखाली आणि हेडलाइटच्या मागे.

लाल रंगाचा, तेलाच्या बुधलीसारखा दिवा असलेल्या गाड्याही असतात. तो चालत्या गाडीत लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. तो ऑइलच्या दाबाचा आहे. त्यानंतर एक किलोमीटरही चालवू नका.

कॅनबद्दल : पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत फेऱ्या वाढवा, एका वेळचं वजन कमी ठेवा. पोटापाण्याचा धंदा आहे, पूर्ण थांबा असं मी म्हणणार नाही. पण भरलेले कॅन घेऊन चढावर टॉप गिअरमध्ये ओढाओढ नको. 500 ते 750 च्या दरम्यान सर्व्हिसिंग करताना मागच्या चाकाचे स्पोक, चेनचा ढिलेपणा आणि कोनसेट (हँडलचे बेअरिंग) आवर्जून बघायला सांगा. तुमच्या वजनाने ते आधी सैल होतात.

प्रश्न : ट्रायम्फची स्पीड 400 घेतली. पहिली सर्व्हिसिंग 1,000 ला झाली. पुढची थेट 16,000 ला किंवा वर्षाने, असं सांगितलं. खरंच तोवर काही करायचं नाही?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : आकडे बरोबर आहेत. या गाडीला तेवढीच मुदत दिली आहे आणि ऑइलही त्या प्रतीचं असतं. पण ती मुदत इंजिनची आहे. चेनला पुस्तकात दिलेल्या अंतराने साफ करून ल्यूब लागतं, पावसात त्याहून लवकर. ऑइलची पातळी दर 1,000 ला स्वतः बघा. ब्रेक पॅडवर महिन्यातून एकदा नजर टाका. आणि वर्ष आधी भरलं तर वर्षाला जा, मीटरवर सहा हजारच असले तरी.