तलावपाळीच्या फेऱ्या चांगल्या, पण अपुऱ्या

तुम्ही लिहिले आहे की वय चाळिशीला टेकले आहे, गेले वर्षभर रोज सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला अर्धा तास चालता, तरीही पोट जागचे हललेले नाही आणि दोन-तीन मजले चढले की मांड्या भरून येतात. जिमची फी भरून ती वाया घालवायची नाही, तर घरच्या घरी काय करावे? चालणे मुळीच सोडू नका, पण वर्षभराच्या सवयीनंतर ते तुमच्या शरीराला जड वाटेनासे झाले आहे, एवढे ध्यानात घ्या. जिममध्ये लोखंडापेक्षाही महत्त्वाची असते ती भार टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सोय, आणि ती सोय घरात करता आली तर जिमवाचून फारसे अडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. तुमचा पहिला भाग वरवर पाहता पूर्ण होतो, मात्र चालताना बोलता आले तरी गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग असला पाहिजे. मित्रांशी गप्पा मारत रमतगमत घातलेल्या फेऱ्या त्यात मोजता येत नाहीत. आठवड्यातून एखादा दिवस उपवन तलावाकडून येऊरच्या डोंगराचा चढ धरलात तर हा प्रश्न आपोआप सुटेल. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग असून तिथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून चांगले उजाडल्याखेरीज जाऊ नये आणि रस्ता सोडू नये. पावसाळ्यात इमारतीचा जिना वापरावा, पण चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट असा क्रम ठेवावा, कारण गुडघ्यांवर अधिक ताण येतो तो उतरताना.

खरी उणीव आहे ती दुसऱ्या भागाची, आणि तिथे पुशअपचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते. जमिनीवरच्या नेहमीच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार हातांवर येतो. गुडघे टेकले तर तो ४९ टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि पाय सरळ ठेवून हात ६० सेंटिमीटर उंचीच्या आधारावर ठेवले तर ४१ टक्क्यांवर येतो. उलट पाय तेवढ्याच उंचीवर ठेवले तर ७४ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, पलंगाची कड, जमीन आणि शेवटी पलंगावर पाय, या चार जागा मिळून तुमचा वाढता भार तयार होतो. सुरुवात ओट्यापासून करावी. तळहात खांद्यांपेक्षा किंचित रुंद ठेवावेत, कोपरे बाजूला पसरू देऊ नयेत, पोट आवळून टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवावे आणि छाती ओट्याच्या कडेपर्यंत सावकाश न्यावी. आणखी दोन पुशअप निघाले असते असे वाटेल तिथे थांबावे, दोन मिनिटे दम खावा आणि असे तीन फेरे करावेत. प्रत्येक फेऱ्यात बारा-पंधरा पुशअप सहज निघू लागले की खालच्या जागेवर उतरावे.

बैठकांनाही हाच न्याय लावावा. आधी खुर्चीवर टेकून उठावे, मग खुर्चीविना, मग खाली जाताना मनात चार आकडे मोजत, आणि त्यानंतर पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो पिठाची पिशवी घालून. हीच सॅक ओढण्याच्या व्यायामाला कामी येते, आणि घरच्या व्यायामात पाठ नेमकी राहून जाते म्हणून हे मुद्दाम सांगतो: एक हात पलंगावर टेकून वाकावे आणि दुसऱ्या हाताने सॅक कमरेपर्यंत खेचावी. महापालिकेच्या उद्यानांतील ओपन जिमची झुलणारी यंत्रे सांधे मोकळे करण्यास ठीक आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांचा भार वाढवता येत नाही. तिथे लोंबकळण्याजोगा दांडा असेल तर त्याचा मात्र जरूर उपयोग करावा.

सूर्यनमस्कार पुरेसे नाहीत का, असे कोणीतरी विचारणारच. औंध संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा हिरिरीने प्रसार केला ते सूर्यनमस्कार लवचिकतेसाठी आणि दमासाठी उत्तमच आहेत, आणि मी ते व्यायामाच्या आरंभी घालतो. परंतु त्यात काहीही आपल्याकडे खेचावे लागत नाही आणि पायांवरचा भारही हलकाच राहतो.

पोटाबद्दल स्पष्ट सांगायचे तर सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चालले तरी दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, आणि परतीच्या वाटेवरचा एक वडापाव त्याहून अधिक देऊन जातो. मामलेदारची मिसळ सोडा असे ठाणेकराला सांगण्याचे धाडस मी करणार नाही, ती रोजची नसावी एवढेच. जेवणात वरण, उसळ, दही, अंडी यांपैकी काहीतरी दोन्ही वेळेस असावे, कारण स्नायू घडायला प्रथिने लागतात आणि आपले ताट बहुधा भात-पोळीनेच भरलेले असते.

रोज वजनकाट्यावर चढण्याऐवजी महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. पहिले काही आठवडे आरशात फरक दिसणार नाही, पण पुशअपची संख्या वाढत जाईल, कारण आरंभीची ताकद स्नायू फुगल्यामुळे येत नसून मेंदू आहे त्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्यामुळे येते. रक्तदाब किंवा मधुमेह असेल, अथवा चढावर छातीत दडपल्यासारखे वाटत असेल, तर येऊर आणि सॅक या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना दाखवून आल्यावरच सुरू कराव्यात.