जुनं लाकडी फर्निचर: पहिल्या खरेदीआधी

पहिल्याच फटक्यात कपाट किंवा पलंग नको. खुर्ची, स्टूल, चौरंग यावर नजर बसवा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळच्या उजेडात लाकूड नीट दिसतं.

नवखे हमखास पॉलिशला भुलतात. वस्तू सरळ उलटी करा. खालच्या बाजूला सहसा कोणी पॉलिश मारत नाही, खरं लाकूड तिथेच कळतं. कडेला थर दिसले की समजा प्लाय, मग विक्रेता कितीही ‘सागवान’ म्हणो. ड्रॉवर असेल तर पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे बघा: खाचा करून बसवलेत की नुसते खिळे ठोकलेत?

आता दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

- टाचणीएवढी भोकं दिसली तर वस्तू हलकेच आपटा. पिठासारखा फिकट, ताजा भुसा पडला तर कीड बहुधा अजून आत आहे. फुकट मिळाली तरी घरी आणू नका, बाकीच्या लाकडालाही लागेल.
- डुगडुगणाऱ्या खुर्चीला घाबरू नका, सुतार सांधे पुन्हा बसवून देतो. पाय उभा चिरला असेल तर मात्र सोडा.

आणि मोठं काही आवडलंच, तर आधी आपल्या जिन्याचं वळण मोजा.