जुनी गाडी मोडीत काढायला सरकारनं पैसे द्यावेत का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेणाऱ्याला सरकारनं पैसे दिले तर देशाचा फायदा होतो का, आणि बाबांच्या 2008 च्या गाडीचं काय करावं. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो.

2009 च्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी अमेरिकेत, ओहायोमध्ये होतो. मंदीमुळे शोरूममध्ये गाड्या पडून होत्या. सरकारनं योजना काढली की पेट्रोल पिणारी जुनी गाडी आणा आणि नवीवर 3500 किंवा 4500 डॉलर सूट घ्या. अट अशी की जुन्या गाडीचं अॅव्हरेज गॅलनला 18 मैल किंवा त्याहून कमी हवं, म्हणजे लिटरला जेमतेम साडेसात किलोमीटर. आमची व्हॅन कागदावर 19 ची, त्यामुळे हुकली. शेजारच्या आजोबांची फोर्ड एक्स्प्लोरर मात्र बसली.

त्यांच्यासोबत मी डीलरकडे गेलो होतो. गाडी चालू स्थितीत असणं ही अटच होती, आणि पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून नंतर तिला मारायचं होतं. इंजिनातलं ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन जाम होईपर्यंत रेस करायचं. धडधाकट इंजिन काही मिनिटांत गप्प झालं. आजोबा नवी कोरोला घेऊन घरी आले. आम्ही पुढच्या मार्चमध्ये सूट न घेता थोडी मोठी गाडी घेतली.

पुढे टेक्सासमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी हीच तुलना केली: 18 च्या रेषेच्या जरा आतले आणि जरा बाहेरचे. त्यांच्या मते निम्म्याहून जास्त अनुदान योजनेच्या दोन महिन्यांत तसंही गाडी घेणाऱ्यांच्या खिशात गेलं. वर गंमत म्हणजे अॅव्हरेजच्या अटीमुळे लोक लहान, स्वस्त गाड्यांकडे वळले आणि वर्षभराचा हिशोब केला तर नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च उलट घटला! अतिफ मियां आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात असं दिसलं की जुलै-ऑगस्टमध्ये विक्री जेवढी वाढली, जवळजवळ तेवढीच ती पुढच्या मार्चपर्यंत घटली. म्हणजे सरकारनं 3 अब्ज डॉलर देऊन विकत घेतली ती मुख्यतः खरेदीची तारीख. मंदीत काही महिन्यांनाही किंमत असते हे मान्य, पण इतकी?

या योजनेमुळे गरिबांच्या सेकंड हँड गाड्या महागल्या असंही ऐकाल. मला ते फारसं पटत नाही. 25 कोटी वाहनांच्या देशात योजनेत मोडीत निघालेल्या पावणेसात लाख गाड्या म्हणजे चिमूटभर.

पेट्रोल मात्र खरंच वाचलं. लिटरला सरासरी 6.7 वरून 10.6 किलोमीटर, म्हणजे हजार किलोमीटरमागे 55 लिटर. आपल्याकडची छोटी गाडी 15 देते. तिच्या जागी 20 देणारी आणली तर तेवढ्याच अंतरात जेमतेम 17 लिटर वाचतं. त्यामुळे इथे इंधनाच्या नावानं खासगी गाड्या मोडीत काढण्यात दम नाही. आपल्याकडे खरा प्रश्न धुराचा आहे, आणि तो जुन्या डिझेल ट्रक-टेम्पोंचा जास्त. पैसा घालायचाच तर तिथे घालावा.

आपलं 2021 चं स्क्रॅप धोरण वेगळं आहे. केंद्र रोख देत नाही. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के, कंपनीनं 5 टक्के सूट द्यावी अशी सूचना, नव्या गाडीची नोंदणी फी माफ आणि राज्यानं रोड टॅक्समध्ये सवलत द्यायची, जी खासगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत असू शकते. अडचण अशी की सतरा-अठरा वर्षांची गाडी वापरणारा माणूस सहसा नवी घेतच नाही, तो आठ वर्षांची घेतो. आणि चालणारी गाडी भंगारवाल्यापेक्षा जुन्या गाड्यांचा डीलर जास्त भावानं उचलतो.

म्हणून तुमचं उत्तर. गाडी चालत असेल आणि घरात लगेच नवी येणार नसेल, तर आधी दोन डीलरना दाखवा आणि मग स्क्रॅप सेंटरचा भाव विचारा. नवी घेणारच असाल तर टॅक्सची सवलत भंगाराच्या भावात मिळवून बघा, कदाचित पारडं फिरेल. गाडी ठेवायची असेल तर आरसी नूतनीकरणाचे 5000 रुपये, पर्यावरण कर आणि पासिंगसाठी आरटीओत जाणारा एक दिवस धरून चाला. स्क्रॅपला दिलीत तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला, हातात पडेपर्यंत मूळ कागदांच्या झेरॉक्स जपून ठेवा.