कंबरदुखीवाल्या स्वाराने रवाल चालीचा घोडा निवडताना

तुमचं वजन ६८ किलो, कंबर दुखते, आणि रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूच्या शेतरस्त्यांनी दोन-तीन तास रपेट करायची आहे. तर घोडा मारवाडी, काठियावाडी की कच्छी-सिंधी घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: जात नंतर, आधी त्या एका घोड्याची चाल बघा. रवाल, म्हणजे स्वाराला न उसळवणारी चार ठोक्यांची चाल, तिन्ही जातींत सापडते, पण प्रत्येक घोड्यात असतेच असं नाही.

कंबरेसाठी रवाल हवी हे अगदी बरोबर. दुडकीत तिरपे पाय जोडीने पडतात आणि मधे घोडा क्षणभर अधांतरी असतो. तो खाली येताना धक्का थेट मणक्याला बसतो. रवालीत एका बाजूचा मागचा, मग पुढचा, मग दुसऱ्या बाजूचे तसेच, असे चार ठोके सुटे पडतात आणि एखादा तरी पाय जमिनीवर असतोच.

हे ठोके कडक जमिनीवर डोळे मिटून ऐका. चारही सारख्या अंतराने पडले तर चाल खरी. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडून दोनच ठोके ऐकू आले, तर स्वार डावी-उजवीकडे डोलत राहतो आणि तुमच्या कंबरेला ते दुडकीइतकंच जड जाईल. शंका आली तर मोबाईलवर बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा. मग लगाम सैल सोडून पाहा. लगाम खेचून, मान वर करायला लावली तरच टिकणारी रवाल बहुधा जबरदस्तीने बसवलेली असते. असा घोडा पाठ खाली दाबून चालतो आणि पुढे त्याचीच पाठ धरते. वीस मिनिटं चालवून, थोड्या उतारावरही बघा. थकल्यावर चाल मोडते का, ते तेव्हाच कळतं.

वजनाचा हिशेब टाळू नका. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं. तुमचे ६८ आणि खोगिराचे ७ धरले तर ७५, म्हणजे घोडा किमान ३७५ किलोचा. काटा नसेल तर टेप लावा: छातीचा घेर (सेंमी) गुणिले तोच घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १७० आणि लांबी १५५ भरली तर साधारण ३७७ किलो येतात. बारीक चणीचा काठियावाडी इथेच बाद होतो, चाल कितीही गोड असली तरी.

म्हणून तुमच्यासाठी मी भरल्या अंगाचा कच्छी-सिंधी आधी शोधेन. रवालीसाठी त्याचं नाव आहेच आणि स्वभावही बहुतेकदा शांत. मारवाडी चालेल, पण दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिसणारे बरेच मारवाडी नाचकामाला तयार केलेले असतात. काटेरी कड्याळ्याची (लगामाचा तोंडात राहणारा लोखंडी भाग) सवय झालेल्या घोड्याला साध्या लगामावर आणायला महिने लागतात. तोंड उघडून ओठांच्या कोपऱ्यांवर आणि जिभेवर जुने व्रण आहेत का ते बघाच.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून भाव चढतो, चालीवर त्याचा काडीचा परिणाम नाही. देवमण (गळ्यावरचा, शुभ मानला जाणारा भोवरा) असल्याचे जास्तीचे पैसे मोजू नका, त्यात नीट बसणारं खोगीर येईल: मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी राहतील आणि खांद्याचं हाड अडणार नाही असं.

व्यवहार पक्का करण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठीच्या रक्ततपासणीचा अहवाल मागा आणि पशुवैद्याकडून दात बघून वय ठरवा. पाच वर्षांच्या आतला घोडा नवख्याने घेऊ नये.