बाबा जिथून बाहेर पडले, त्याच पेठेत भाड्याने?

वाकडच्या मैत्रिणीस,

पुण्यात कसबा पेठेतल्या जुन्या वाड्याचा वरचा मजला मालकांनी नव्याने करून घेतलाय, तुम्हा दोघांना तो फार आवडलाय, आणि बाबा मात्र म्हणाले, "दोन खणांतून बाहेर पडायला माझी उमेदीची वर्षं गेली, आणि तू पैसे मोजून तिथेच चाललीस?" तेव्हापासून ते फोनवर नीट बोलत नाहीत, असं तू लिहिलंयस.

बाबा रागावलेले नाहीत गं, दुखावलेत. तुला सागवानी खांब आणि चौक दिसतो; त्यांना सामाईक संडासाची रांग आणि पहाटेचा नळ आठवतो. कोथरूडचा फ्लॅट ही त्यांची कमाई आहे. "आता तसं राहिलं नाही" असं म्हणून त्यांना गप्प करू नकोस. ते दिवस कसे होते ते आधी विचार, आणि पूर्ण ऐकून घे.

घर मात्र एवढ्यावरून सोडू नकोस. त्यांना तिथे राहणं भाग होतं. तुला नाही पटलं तर नोटीस देऊन निघता येईल.

मला जास्त काळजी वाटते ती तू एका ओळीत उरकलेल्या गोष्टीची: "अटॅच्ड बाथरूम, फॉल्स सीलिंग, सगळं नवं." वाड्याचा सांगाडा लाकडी, भिंती माती-विटांच्या. लाकडी तक्तपोशीवर नवं बाथरूम बसवलं आणि पाणी झिरपलं, तर तुळया आतून कुजतात. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथेच कूज आणि वाळवी आधी लागते, आणि नेमकं तेच फॉल्स सीलिंगने झाकलं जातं. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. म्हणून सीलिंगचा एक तुकडा उघडून दाखवायला सांग, आणि खालच्या मजल्यावर जाऊन बाथरूमखालचं छत बघ. हे बघायला बाबांना सोबत ने. परवानगीसाठी नव्हे, वाडा कुठे गळतो हे तिथे वाढलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार? मनात शंका राहिली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन तपासून घे.

वाडा शनिवारवाड्याला लागून आहे म्हणतेस. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, दुरुस्तीलाही परवानगी लागते. तो कागद माग. वाड्यांना वारसदार बरेच असतात, तेव्हा मालमत्ता पत्रक बघ आणि करारावर सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे ना, याची खात्री कर. "11 महिन्यांचाच करार, नोटरी पुरे" हे मालकांचं म्हणणं चूक आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे असा भाड्याचा, करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते.

गणपतीत गल्लीत गाडी शिरणार नाही आणि ढोल-ताशा घरात घुमेल. तू घरून काम करतेस, नवऱ्याची झोप हलकी, म्हणून हे दोघांनी आत्ताच बोलून घ्या. मला स्वतःला ते दिवस पेठेतच घालवावेसे वाटतात, पण मीटिंग माझ्या नसतात.

सगळं पाहूनही बाबा नको म्हणाले तर कारण विचार. "तुळई गेलीय" म्हणाले तर घर सोड. नुसतंच "मला आवडत नाही" म्हणाले तर घर घे, आणि रविवारी त्यांना जेवायला बोलाव. पहिल्यांदा नाही आले तर पुन्हा बोलाव. हे सगळं तपासून होईपर्यंत मालकांना टोकन मात्र देऊ नकोस.