प्रश्न तुमचे : कोट्यवधी वर्षांपूर्वीचं तापमान मोजतात कसं?

सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन काळ संपून इओसीन सुरू होताना, पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढलं. गेल्या अंकातल्या या माहितीवर बरीच पत्रं आली. बहुतेकांची शंका एकच आहे : तेव्हा मोजायला कुणी नव्हतं, मग हा आकडा आला कुठून? त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

समुद्रतळाच्या गाळातल्या कवचांवरून तापमान काढतात, म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? (भूशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

फोरामिनिफेरा हे समुद्रातले एकपेशीय जीव. त्यांचं कवच कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीत असतं त्या खनिजाचं असतं आणि त्यातला ऑक्सिजन भोवतालच्या पाण्यातून येतो. पाणी गार असेल तर जड ऑक्सिजन-१८ कवचात जास्त शिरतो, उबदार असेल तर कमी. हॅरोल्ड यूरी यांनी १९४७ साली हे तत्त्व मांडलं आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये ते खोल समुद्रातल्या गाळावर वापरून दाखवलं.

काम असं चालतं. २०-३० ग्रॅम गाळ वाळवून, वजन करून पाण्यात भिजत घालतात. चिकणमाती सुटत नसेल तर पाण्यात थोडं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालतात. मग ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर बारीक धारेखाली गाळ धुतात आणि ५० अंशांच्या आत वाळवतात. वाळलेला माल पुन्हा चाळून ठरावीक आकाराचीच कवचं घेतात, उदाहरणार्थ २५० ते ३५५ मायक्रॉन. आकार बदलला की जीवाचं वय आणि राहण्याची खोली बदलते, त्यामुळे लहानमोठी कवचं एकत्र मोजली तर वेगवेगळ्या खोलीची तापमानं एका आकड्यात मिसळतात. सूक्ष्मदर्शकाखाली तीन शून्य नंबरच्या ओल्या ब्रशने एकाच प्रजातीची कवचं एकेक करून उचलतात. ती मिथेनॉलमध्ये अल्ट्रासाउंडने स्वच्छ करतात, फॉस्फोरिक आम्लात विरघळवतात आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड वस्तुमान-वर्णपटमापीत, म्हणजे हलके-जड रेणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात सोडतात.

इथवरचं काम सरावाने जमतं. खरी मेख पुढच्या हिशेबात आहे. ऑक्सिजन-१८ चं प्रमाण दर हजारी १ ने कमी आलं, तर पाणी साधारण ४ ते साडेचार अंशांनी उबदार होतं असं धरतात. पण त्यासाठी त्या काळच्या समुद्राच्या पाण्यातलंच प्रमाण आधी माहीत हवं. आज अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडच्या बर्फात हलका ऑक्सिजन-१६ अडकून पडला आहे. इओसीनच्या सुरुवातीला असे मोठे हिमस्तर नव्हते, म्हणून तेव्हाच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ चं प्रमाण आजच्यापेक्षा दर हजारी सुमारे १ ने कमी होतं. ही दुरुस्ती विसरलात तर उत्तर चार-साडेचार अंशांनी जास्त गरम येतं. म्हणजे ज्या तापमानवाढीचा शोध घ्यायचा, जवळजवळ तेवढीच चूक हिशेबात शिरते.

इओसीनमध्ये ध्रुव उबदार आणि विषुववृत्त आजच्यापेक्षा गार होतं, असं एका जुन्या पुस्तकात वाचलं. हे खरं आहे का? (निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

नाही. पण हा गैरसमज कसा झाला, ते समजून घेण्यासारखं आहे.

विषुववृत्ताजवळच्या खोल समुद्रातून काढलेल्या कवचांवरून पृष्ठभागाचं तापमान १५ ते २३ अंश येत होतं. त्याच काळात आर्क्टिकमधल्या एल्समीअर बेटावर मगरींच्या कुळातले प्राणी राहत होते, तसे जीवाश्म सापडले आहेत. हवामानाच्या कोणत्याही संगणकीय प्रारूपात या दोन गोष्टी एकत्र बसेनात. २००१ साली पॉल पिअरसन आणि सहकाऱ्यांनी टांझानियाच्या किनारपट्टीवरच्या चिकणमातीतली कवचं तपासली, तेव्हा उत्तर किमान २८ ते ३२ अंश आलं.

फरक कवचं टिकण्यात होता. पृष्ठभागाजवळ राहणारा जीव मेला की त्याचं कवच तळाशी जातं. तिथलं पाणी गार असतं. चुनखडीचा गाळ सच्छिद्र असेल तर कवचाचं मूळ कॅल्साइट हळूहळू विरघळतं आणि त्या गार पाण्यातून त्याच जागी नवं कॅल्साइट बसतं. आकार, छिद्रं, प्रजातीची ओळख सगळं जसंच्या तसं राहतं, पण मापन तळाच्या पाण्याचं होतं. चिकणमातीतून पाणी झिरपत नाही, म्हणून टांझानियातली कवचं मूळ स्थितीत राहिली.

हे डोळ्यांनी ओळखता येतं. चांगलं कवच ओलं केलं की काचेसारखं पारदर्शक होतं, त्यातून आतले कप्पे दिसतात. बदललेलं कवच पांढरं, अपारदर्शक आणि साखरेसारखं रवाळ दिसतं. खात्रीसाठी एखादं कवच फोडून भिंतीचा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा. मूळ भिंतीत मायक्रॉनपेक्षा लहान कण असतात, बदललेल्या भिंतीत त्याहून मोठे, ठोकळ्यांसारखे स्फटिक. आमच्या मते कवचांचे असे फोटो नसलेल्या शोधनिबंधातलं तापमान जपूनच वापरावं.

ऑक्सिजनवर एवढ्या शंका असतील तर दुसरी पद्धत वापरत का नाहीत? (अभियंता, ठाणे)

वापरतात, आणि एकाहून जास्त वापरतात. कवचातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर दर अंशामागे साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. इथे ध्रुवीय बर्फाची अडचण नाही, पण इओसीनच्या समुद्रात मॅग्नेशियमचं प्रमाण आजच्यापेक्षा बरंच कमी होतं, ती दुरुस्ती करावीच लागते. शिवाय कवचाला चिकटलेल्या मातीत मॅग्नेशियम असतं. म्हणून सोबत ॲल्युमिनियमही मोजतात. ते जास्त आलं तर सफाई नीट झालेली नाही, तो आकडा टाकून द्यायचा.

टेक्स-८६ ही पद्धत कवच सोडून आर्किया या सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलातल्या मेदरेणूंवर चालते. २००४ साली आर्क्टिक महासागरात लोमोनोसोव्ह या समुद्राखालच्या पर्वतरांगेवर खोदकाम झालं, तिथे कॅल्साइटची कवचं जवळजवळ नव्हती. या मेदरेणूंमुळेच कळलं की त्या उष्ण काळात उत्तर ध्रुवाजवळचं पाणी सुमारे १८ अंशांवरून २३ च्या पुढे गेलं होतं. मात्र नदीने जमिनीवरची माती खूप आणली असेल तर मातीतले मेदरेणू मिसळतात आणि आकडा बिघडतो. (याच खोदकामात थोड्या वरच्या थरांत अझोलाचे अवशेष भरपूर मिळाले. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी वाढवतात, त्याच वंशाची ती वनस्पती. गोड्या पाण्यावर वाढणारी ही वनस्पती तिथे होती, म्हणजे तेव्हा त्या समुद्रावर काही काळ गोड्या पाण्याचा थर होता.)

पानांच्या जीवाश्मांवरून शाळेत काही करता येईल का? (शिक्षक, नागपूर)

नक्की करता येईल. आधी आजच्या झाडांवर करा. उष्ण प्रदेशात आंबा, फणस, वड यांच्यासारखी अखंड कडेची पानं असलेल्या प्रजाती जास्त असतात, थंड प्रदेशात दातेरी कडेच्या. जॅक वुल्फ यांनी १९७९ मध्ये पूर्व आशियातल्या जंगलांवरून जे सूत्र दिलं, ते सोपं करून असं लिहितात : वार्षिक सरासरी तापमान = १.१४ + ३०.६ × अखंड कडेच्या प्रजातींचा वाटा. २० पैकी १४ प्रजाती अखंड असतील तर वाटा ०.७, उत्तर २२.६ अंश.

मोजायच्या त्या प्रजाती, पानं नव्हेत. फक्त द्विदल झाडं-झुडपं घ्या. गवत, बांबू, ताड-माड वगळा. २० प्रजातींवर नुसत्या नमुन्याच्या लहानपणामुळे ३ अंशांची चूक इकडे-तिकडे होते, त्यामुळे दशांशात उत्तर लिहिण्यात अर्थ नाही. नदीकाठी किंवा तळ्याकाठी दातेरी पानं जास्त असतात आणि जीवाश्मही नेमके तिथेच जास्त तयार होतात. साहजिकच उत्तर खऱ्यापेक्षा गार येण्याकडे कल असतो.

कच्छमधल्या ‘वासुकी’ सापावरून तेव्हा २८ अंश तापमान होतं, असं बातमीत होतं. मणक्यांवरून तापमान? (वाचक, नाशिक)

पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतल्या सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या या सापाचं वर्णन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. अंदाजे लांबी ११ ते १५ मीटर. सापाच्या शरीराचं तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असतं, म्हणून एवढं मोठं शरीर चालवायला उष्ण हवामान लागतं, असा तर्क आहे. तर्क योग्य, पण त्याचं गणित आजच्या सापांवरून बसवलेलं आहे आणि वासुकी ज्या कुळातला ते नामशेष झालं. आम्ही त्याला पूरक पुरावा मानू, मुख्य नव्हे.

शिवाय भारत त्या काळात विषुववृत्ताच्या आसपास होता. तिथला उष्णतेचा पुरावा पृथ्वी तापल्याचा की ती जागाच उष्ण असल्याचा, हे खडकातल्या चुंबकीय खुणांवरून तेव्हाचा अक्षांश काढल्याशिवाय सांगता येत नाही.

मग कोकणातला जांभा आणि घाटातले लाल थर काय सांगतात? (वाचक, रत्नागिरी)

भरपूर पाऊस, ऊब आणि लांबलेली झीज, एवढं सांगतात. अंश सांगत नाहीत. बेसॉल्टच्या दोन थरांमधली लाल माती वरून आलेल्या तप्त लाव्हाने भाजलेली असते. नमुना घ्यायचाच तर त्या थराच्या खालच्या भागातून घ्या, आणि आधी रस्त्याकडचा उघडा पडलेला पृष्ठभाग खरवडून आतला ताजा भाग गाठा. नाहीतर हाती येते ती आजच्या पावसाने झालेली झीज.