अडलेली सूचना
सरकारी संकेतस्थळावर पाठवलेली तुमची सूचना दोन दिवस तिथे दिसली नाही, म्हणून ती दडपली गेली असे लगेच समजू नका. नागरिकांची मते मागवणाऱ्या, २०१४ साली सुरू झालेल्या मायगव्हसारख्या सरकारी व्यासपीठावर शिवीगाळ, जाहिरात, विषयांतर किंवा कुणाचा खासगी तपशील आढळल्यास मजकूर अडतो. निव्वळ विरोधी मत मात्र अडू नये, आणि अडल्यास कारण जरूर विचारावे. माझी पहिली सूचना अडली, कारण पदपथाविषयी लिहिताना मी कंत्राटदाराचा मोबाइल क्रमांकही दिला होता. तो काढून ‘शाळेच्या फाटकासमोर १४ पावले पदपथच नाही’ एवढेच लिहिले, तेव्हा ती स्वीकारली गेली. कायद्याच्या मसुद्यावर मते पाठवण्यासाठी केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार किमान ३० दिवसांची मुदत अपेक्षित आहे. सूचना अडलीच तर ती सुधारायला वेळ उरावा म्हणून शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका.